श्रावणात घरचे वाल का शिजत नाहीत

फाल्गुनात खळ्यावर झोडपलेले कडवे वाल पाडव्याच्या सुमारास उसळीला घेतले तर वाफ बसताच मऊ होतात. त्याच पोत्यातले वाल श्रावणातल्या पहिल्या सोमवारी बिरड्याला (मोड आणून सोललेल्या वालांच्या उसळीला) काढले की दीड तास शिजवूनही दाताखाली कचकचतात. काही दाणे तर खड्यासारखे. आमच्याकडे सलग चार श्रावण हेच झालं. दर वर्षी नवा उपाय केला. एकदा सोडा घातला, एकदा कुकरला सात शिट्ट्या काढल्या, एकदा दोन दिवस भिजत ठेवले. सोड्याने निम्म्या दाण्यांचा लगदा झाला आणि उरलेले टणकच राहिले. कुकरमध्येही तेच. दोन दिवस भिजवलेल्यांना आंबूस वास आला, ते गुरांपुढे टाकावे लागले.

चौथ्या वर्षी ध्यानात आलं की आम्ही एकच दुखणं समजून औषध देत होतो, आणि दुखणी होती तीन. एकाचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. वाल, पावटा, कुळीथ, चवळी, मटकी, घेवडा, घरचं बियाणं राखून कडधान्य पिकवणाऱ्या कुणालाही ते उपयोगी पडेल.

आमचं शेत कोकणात, रायगडच्या सुधागड तालुक्यात आहे. भात निघालं की त्याच खाचरात, जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतो. वरून पाणी द्यावं लागत नाही, जमिनीची ओल आणि रात्रीचं दव एवढ्यावर पीक येतं. माघात शेंगा भरल्या की पोपटी (मडक्यात भाजलेल्या शेंगा) लागते, आणि बाकीचं पीक वेलावर वाळवून उपटतो. बियाणं सासूबाईंच्या माहेरचं. दाणा बारीक, तपकिरी, चवीला स्पष्ट कडवट. हे वाण मला जपायचं आहे. आणि आमच्याच वाडीत दोन घरांनी "शिजत नाहीत, कशाला पेरायचे" म्हणत ते पेरणं सोडलेलं मी पाहिलं आहे. चुलीवर हरलेलं बियाणं मग शेतातही दिसेनासं होतं. त्यामुळे हा प्रश्न माझ्या लेखी नुसता स्वयंपाकाचा नाही.

आधी दुखणं ओळखा

यासाठी वेगळी तपासणी करावी लागत नाही. बिरड्यासाठी वाल भिजवून मोड आणायचेच असतात, त्यातच सगळं कळतं. फक्त एक करा. पोत्यातून न निवडता, हाताला येतील तसे शंभर दाणे मोजून वेगळ्या वाटीत घ्या आणि साध्या पाण्यात बारा तास भिजवा. मग उपसून ओल्या फडक्यात बांधा आणि दीड दिवस थांबा. पावसाळी हवेत कधी दोन दिवसही लागतात.

आता पोटली सोडून दाणे ताटात पसरा. तीन प्रकार दिसतील.

काही दाणे अजिबात फुगलेले नसतात. भिजवलेला वाल जवळजवळ दुप्पट होतो, साल सैल पडते, रंग फिका होतो. हे दाणे मात्र होते तेवढेच, गर्द आणि चकचकीत. स्टीलच्या ताटात टाकले तर टणटण वाजतात. हे कुचर. कुणी गणंग म्हणतात. पाणी आतच गेलेलं नाही, त्यामुळे कितीही शिजवा, फरक पडत नाही.

काही दाणे फुगतात, पण मोड येत नाही. बोटांत दाबले तर सालीतून सुटतात, गर मात्र रबरासारखा चिवट लागतो. हे बहुतेक वेळा साठवणीत बिघडलेले असतात.

आणि काही छान फुगतात, पांढरा मोड बाहेर येतो, डाळिंबी, म्हणजे सालीतला दाणा, सहज सुटते. हे दाणे निरोगी आहेत. एवढं होऊनही ते कढईत मऊ पडत नसतील तर दोष वालांत नाही. पाण्यात आहे, किंवा आमसूल कधी घातलं त्यात आहे.

तिन्ही ढीग मोजून ठेवा. मी कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात लिहिते. चौथ्या श्रावणात आमचे शंभरात तेवीस कुचर होते आणि एकतीस बिनमोडाचे. म्हणजे निम्म्याहून जास्त वाल कढईत जाण्याआधीच बिघडलेले होते आणि मी इतकी वर्षं गॅसला दोष देत होते.

कुचर दाणे: वाळवण्यात झालेली चूक

वालाचा एक दाणा हातात घेऊन पाहा. एका कडेला पांढरी, जाडसर, उठावदार रेघ असते. दाणा शेंगेला चिकटलेला असतो ती ही जागा, शास्त्रात तिला हायलम म्हणतात. तिथे एक फार बारीक फट असते. हाइड नावाच्या संशोधकाने १९५४ साली क्लोव्हर आणि लुपिन या शेंगावर्गातल्या वनस्पतींच्या बियांवर काम करून दाखवलं की ही फट झडपेसारखी चालते. बाहेरची हवा कोरडी असली की ती उघडते आणि दाण्यातली ओल बाहेर जाते. हवा दमट झाली की ती मिटते, ओल आत येऊ शकत नाही. म्हणजे ओल बाहेर जायला वाट आहे, आत यायला नाही. दाण्याने आजवर जितकी कोरडी हवा पाहिली, तितका तो सुकत जातो आणि सुकलेलाच राहतो. सालीचा वरचा थरही त्याबरोबर घट्ट होतो. ओल साधारण दहा टक्क्यांच्या खाली गेली की बऱ्याच कडधान्यांचे दाणे असे बंद होऊ लागतात.

बियाणाच्या दृष्टीने यात शहाणपण आहे. सगळे दाणे पहिल्याच अवकाळी सरीने उगवले आणि नंतर उन्हात जळाले तर वंश बुडेल, म्हणून काही दाणे बंद राहतात. रानातल्या शेंगांमध्ये हे प्रमाण फार मोठं असतं. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून ते कमी केलं आहे. गावरान वाणांत रानाचा हा गुण थोडा जास्त शिल्लक असतो.

आता आम्ही काय करत होतो ते सांगते. झोडपून झालं की वाल गच्चीवरच्या पत्र्यावर पसरायचे, फाल्गुनाच्या उन्हात, सात-आठ दिवस. पत्र्याला दुपारी हात लावता येत नाही. भुंगेरे लागू नयेत म्हणून जितकं वाळेल तितकं चांगलं, असा आमचा समज. सासूबाई सांगत की त्यांच्या आईकडे वेल उपटून शेंगांसकट पडवीत टांगत, मग सारवलेल्या खळ्यावर झोडपत आणि दाण्यांना दोनच दिवस सकाळचं ऊन देत. मला तो जागेच्या सोयीचा भाग वाटला होता. वाल शेंगेतच सावलीत सावकाश सुकले की साल एकदम आवळत नाही, हे त्यामागचं कारण.

गेल्या वर्षी निम्मं पीक पत्र्यावर वाळवलं, निम्मं पडवीत. श्रावणात पुन्हा शंभर-शंभर दाणे मोजले. पत्र्यावरच्यांत एकोणीस कुचर, पडवीतल्यांत सहा.

वाळवण पुरेसं झालं की नाही हे कसं ओळखायचं? आमच्याकडे दाणा दाताखाली धरतात. कट् करून दोन तुकडे झाले तर वाळला, दात रुतला तर अजून ओला. दुसरी खात्री मिठाची. स्वच्छ कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर वाल आणि दोन चमचे अगदी कोरडं मीठ घालून झाकण घट्ट लावा, हलवा, काही तास ठेवा, पुन्हा हलवा. मीठ काचेला चिकटलं किंवा गुठळी झाली तर दाणा अजून ओला आहे. मीठ मोकळं राहिलं तर वाळवण थांबवा. त्यापुढे दिलेलं प्रत्येक ऊन कुचर वाढवतं.

झालेले कुचर मात्र फेकू नका. एका भांड्यात घेऊन वरून कडकडीत उकळतं पाणी ओता आणि झाकून पाणी निवेपर्यंत ठेवा. बरेचसे दाणे मग पाणी प्यायला लागतात. तरी उरतील ते वाळवून जात्यावर भरडा, साल पाखडा, डाळ म्हणून आमटीत घाला. साल फुटली की कुचरपणा उरत नाही.

पेरणीला मात्र कुचर घेऊ नका. कुचरपणा काही अंशी हवामानाचा आणि वाळवणाचा असतो, पण काही अंशी तो वाणातून उतरतो. मी आता पीक उभं असतानाच चांगल्या वेलांना रंगीत चिंध्या बांधते. प्रत्येक वेलाच्या शेंगा वेगळ्या कागदी पिशवीत, त्यावर क्रमांक. एकाच तऱ्हेने वाळवल्यावर प्रत्येक पिशवीतले वीस दाणे भिजवते. ज्या वेलाचा एकही किंवा एखादाच दाणा कुचर निघतो, त्याचं उरलेलं बी पेरणीसाठी. बाकीचं खाण्यात. एक सावधगिरी: निवडीच्या हौसेपोटी चार-पाच वेलांवर येऊ नका. निदान चाळीस-पन्नास वेलांचं बी एकत्र राहू द्या, नाहीतर वाणाची ताकद जाते. वाल बहुतेक स्वतःच्याच परागावर फळतो, पण मधमाश्या थोडी सरमिसळ करतात, तेव्हा पावटा शेजारच्या खाचरात लावू नये.

फुगतात पण मऊ होत नाहीत: माळ्यावर झालेली चूक

हे दुखणं जास्त वाईट, कारण मोड आणून पाहिल्याशिवाय दिसत नाही आणि झाल्यावर पुरतं बरं होत नाही.

आमच्याकडे भात आणि वाल शेजारी-शेजारी ठेवायची पद्धत. भाताची कणगी, बाजूला वालाचं पोतं, दोन्ही माळ्यावर, पत्र्याखाली. पण तांदूळ आणि वाल यांचं म्हातारपण एकमेकांच्या उलट असतं. नव्या तांदळाचा भात गिच्च होतो, वर्षभर मुरलेल्याचा मोकळा, फडफडीत. म्हणून घरात "जुनं ते चांगलं" हे ठाम बसलेलं. वाल मात्र दर महिन्याला बिघडत जातात, आणि किती वेगाने ते जागेवर ठरतं.

दाण्यातल्या पेशी पेक्टिन नावाच्या पदार्थाने एकमेकींना जोडलेल्या असतात. शिजताना हे पेक्टिन विरघळतं, पेशी सुट्या होतात, म्हणून दाणा बोटात मेणासारखा दबतो. कडधान्य उष्ण आणि दमट जागी राहिलं, म्हणजे तीस-चाळीस अंश तापमान आणि हवेत पाऊणशे टक्क्यांवर ओल, तर दाण्यातलं फायटेट नावाचं द्रव्य हळूहळू मोडतं. त्याने धरून ठेवलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सुटतं आणि पेक्टिनला जाऊन बिलगतं. विटांमधली माती काढून सिमेंट भरावं तसं होतं. पाणी आत जातं, दाणा फुगतो, पण पेशी सुटत नाहीत.

आता वालाचा प्रवास पाहा. फाल्गुनात पोत्यात गेले. वैशाख-ज्येष्ठ पत्र्याखाली भाजले. मृग लागला तशी तागाच्या पोत्याने पावसाळी हवा शोषली, आषाढभर ती ओल आणि ती ऊब. श्रावणात आपण पोतं उघडतो. कोकणात हे दुखणं दर वर्षी नेमकं श्रावणातच का येतं, त्याचं हे उत्तर. माझी एक मावशी जुन्नरला असते. तिच्याकडे कोरडी हवा, तिचे दोन वर्षांचे वालही शिजतात.

उपाय साठवणीत करायचा. वाल माळ्यावरून खाली आणले. मधल्या मातीच्या भिंतींच्या खोलीत, जमिनीपासून लाकडी फळीवर, घट्ट झाकणाच्या डब्यांत. डबे मोठे नकोत. मोठा डबा पावसाळ्यात दर आठवड्याला उघडला की दर वेळी दमट हवा आत जाते. मी तीन-तीन किलोचे करते, एक संपला की दुसरा फोडते. झाकणाच्या कडेला पातळ मेण फिरवते. डबे मृगाआधी, कोरड्या दिवशी, दुपारी बंद करायचे. त्यावर पिकाचं साल लिहायचं. जुने आणि नवे वाल एकाच डब्यात मिसळू नका. नवे फुटून पीठ होतील तेव्हा जुने अजून कच्चे असतील.

बिघडलेल्या वालांसाठी कढईत थोडंफार करता येतं. सोडियम हे कॅल्शियमला पेक्टिनवरून काही अंशी हुसकावतं. म्हणून मिठाच्या पाण्यात भिजवा: एक लिटर पाण्याला एक मोठा चमचा मीठ, दहा-बारा तास. नंतर पाणी फेकून दाणे धुवून घ्या. "आधी मीठ घातलं की कडधान्य शिजत नाही" हे घरोघरी ऐकायला मिळतं, मीही मानत होते. करून पाहिलं तर भिजवणीतल्या मिठाने वाल उलट लवकर मऊ झाले. मात्र मिठाच्या पाण्यात मोड नीट येत नाहीत. बिरडं करायचं असेल तर साध्या पाण्यात भिजवा, मोड आणा, सोलून झाल्यावर डाळिंब्या तासभर कोमट मिठाच्या पाण्यात ठेवा.

सोडा अगदीच नाइलाज असेल तर. लिटरला पाव लहान चमचा, तोही भिजवणीत, आणि ते पाणी ओतून द्यायचं. जास्त झाला की चव साबणासारखी होते, दाणा बुळबुळतो आणि ब जीवनसत्त्वातला काही भाग जातो.

मोड आले तरी कढईत अडतात: पाणी आणि आंबट

आमच्याकडे विहीर आहे आणि बोअर आहे. फाल्गुनात विहिरीला पाणी असतं, तिचंच वापरतो. उन्हाळ्यात विहीर तळाला जाते, मग बोअर सुरू होतं आणि पावसाळ्यातही विहीर गढूळ म्हणून स्वयंपाकाला बोअरच. बोअरचं पाणी जड. साबणाला फेस येत नाही, चहाच्या पातेल्यात पांढरा थर बसतो. तो थर म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच, म्हणजे वरच्या दुखण्यातलं सिमेंट आपणच बाहेरून पुरवत असतो.

तपासणी सोपी. एकाच पोटलीतल्या डाळिंब्या दोन सारख्या पातेल्यांत घ्या. एकात बोअरचं पाणी, दुसऱ्यात पावसाचं. सुरुवातीच्या सरी सोडून नंतरचं, स्वच्छ पागोळीचं, गाळून उकळलेलं. एकाच वेळी चढवा आणि दर पाच मिनिटांनी एकेक दाणा दाबून पाहा. आमच्याकडे पावसाच्या पाण्यातल्या अठरा मिनिटांत तयार झाल्या, बोअरच्या पाण्यातल्या चाळीस मिनिटांनीही मध्ये कणी होती. तेव्हापासून श्रावणात बिरड्याला पागोळीचं पाणी. पाऊस नसेल तेव्हा बोअरचं पाणी आदल्या रात्री खळखळ उकळून ठेवायचं आणि सकाळी वरचं नितळ ओतून घ्यायचं. तळाशी पांढरा गाळ बसलेला दिसतो. जडपणाचा काही भाग त्यात जातो, सगळा नाही.

आंबटाचं तर आपल्या जुन्या स्वयंपाकात ठरलेलंच आहे: आमसूल शेवटी. आम्लात पेक्टिन विरघळत नाही. आमसूल, चिंच, टोमॅटो, ताक, काहीही आधी पडलं की दाणा आहे तिथेच थांबतो. गुळाचंही तसंच. गुळात साखर आहे आणि कॅल्शियमही, दोन्ही दाणा घट्ट ठेवतात. घाईत सगळं एकत्र घालून कुकर लावायची सवय लागली आणि ही क्रमवारी आमच्या घरातून गेली होती.

भुंगेऱ्यांची अडचण

वाळवण कमी करा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, मग टोके पडतील त्याचं काय? प्रश्न खरा आहे. भुंगेरा शेतातच शेंगेवर अंडी घालतो, अळी दाण्यात शिरते, आणि आपण कीड घरी घेऊन येतो. उबदार हवेत महिन्याभरात एक पिढी होते, म्हणजे फाल्गुन ते श्रावण चार-पाच पिढ्या. डब्यात भोकं पडलेले दाणे आणि पांढरी भुकटी दिसते तोवर उशीर झालेला असतो.

कडक ऊन हा एकच उपाय नाही. खाण्याच्या वालांना तेल चोळते: किलोला पाच मिलिलिटर, म्हणजे एक लहान चमचा गोडं तेल किंवा एरंडेल, परातीत हाताने इतकं चोळायचं की प्रत्येक दाण्यावर चकाकी यावी. अंड्यांचा श्वास कोंडतो. हवाबंद डबा काठोकाठ भरलेला असेल तर आतली हवा संपून कीडही संपते, म्हणून अर्धा डबा ठेवू नये. दोन-तीन किलोच असतील आणि घरात डीप फ्रीझर असेल तर पिशवी घट्ट बांधून आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर वाल पुरते निवळून साध्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर दाण्यांवर पाणी सुटतं.

बियाणाला आमच्याकडे राख. चुलीची, चाळलेली, पूर्ण कोरडी. मडक्यात वालाचा थर, राखेचा थर, तोंडाला फडकं आणि वर शेणमातीचा लेप. राखेत भुंगेऱ्याला हालचाल करता येत नाही. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची जी बियाणे बँक उभी केली, त्यासाठी त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. वाल-घेवड्यासारखं घरातलं बी राखणं हे किती कसबाचं काम आहे, याची ती पावती मला फार मोलाची वाटते.

इतर कडधान्यांबद्दल थोडं

कुळीथ मुळातच कठीण. कोकणात त्याची उसळ कमी आणि पिठी जास्त होते, ते उगाच नाही. जुना झालेला कुळीथ भाजा, भरडा, साल पाखडा, दळा. पिठल्याला उत्तम. चवळी आणि मटकीला कुचराचा त्रास जास्त, मोड आल्यावर हाताने निवडून काढणं हाच इलाज.

घेवड्याबाबत मात्र एक गोष्ट अजिबात विसरू नका. राजमा आणि त्याच जातीचा, साताऱ्याच्या कोरेगाव भागातला भौगोलिक मानांकन मिळालेला वाघ्या घेवडा, यांत कच्चेपणी लेक्टिन नावाचं विषारी द्रव्य असतं. अर्धवट शिजलेला दाणा पोटात गेला तर काही तासांत उलट्या-जुलाब होतात. भिजवलेलं पाणी फेकायचं आणि नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळ उकळायचं, मगच आच कमी करायची. नुसत्या मंद आचेवर तासन्‌तास ठेवलेला घेवडा धोक्याचा. कडव्या वालांचंही भिजवणीचं पाणी कधी वापरू नये, कडवटपणा आणि नको ती द्रव्यं त्यातून जातात.

यंदाचं बिरडं

या वर्षी शंभरात पाच कुचर निघाले, बिनमोडाचे आठ. सोमवारी असं केलं.

शुक्रवारी रात्री वाल भिजत घातले. शनिवारी सकाळी उपसून पोटली बांधली, वर वजन. सोमवारी पहाटे मोड अर्ध्या नखाएवढे होते. दाणे कोमट पाण्यात टाकले, साल सैल झाली. डाळिंबी अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच दाबली की सुळकन बाहेर येते. ज्या येत नाहीत त्या बाजूला. कुचर आपोआप पाण्याच्या तळाशी राहतात.

कढईत तेल, मोहरी, हिंग, जिरं, कढीपत्ता, हळद. डाळिंब्या घालून कालथा न लावता कढईच फिरवली, कारण कालथ्याने त्या मोडतात. पागोळीचं गरम पाणी, डाळिंब्या जेमतेम बुडतील एवढं. वर खोलगट झाकण आणि झाकणात पाणी. आतली वाफ थंड होऊन परत आत पडते आणि झाकणातलं पाणी तापलं की तेच कढईत घालता येतं. कुकर नको, डाळिंबी अख्खी राहायला हवी.

बावीस मिनिटांनी एक डाळिंबी काढून दोन बोटांत दाबली. पेढ्यासारखी दबली, मध्ये कणी नाही. मगच तीन आमसुलं, सुपारीएवढा गूळ, मीठ, तिखट, वाटलेलं ओलं खोबरं. पाच मिनिटं उकळी आणि कोथिंबीर.

सासूबाईंना आता दाढा नाहीत. त्यांनी दोनदा घेतलं.